दुसरा रुद्रय्या

पूर ओसरला आणि वार्ताहर शांभवीनं लिहिलेली बातमी पेपरच्या पहिल्या पानावर आली. शिरोळकडच्या एका गावात पूरग्रस्तांसाठी आलेला गहू बाळासोंच्या गोदामात दडवलेला तिनं स्वतः पाहिला होता. बाळासो म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांच्या माणसांनी अंकांची होळी केली, कोल्हापूरच्या कचेरीत फोनवरून शिव्या दिल्या. शांभवी डगमगली नाही.

त्याच आठवड्यात एक म्हातारी तिच्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. बसव्वा.

"तूच व्हय ती लिहिणारी? गोदाम सांभाळणारा रुद्रय्या म्हणून फोटो छापलास, त्यो माझा मालक, माझा नवरा हाय. गावात रुद्रय्या दोन हाईत, बाई. आमची पिठाची गिरणी. आता चोराच्या गिरणीत कोण दळाण टाकंल?"

शांभवीनं तो अंक काढून फोटो पाहिला. फोटो तिनं गावातल्या एकाकडून घेतला होता, खात्री न करता.

"आतल्या पानात दोन ओळी टाकू," संपादक गणपतराव म्हणाले. "पहिल्या पानावर माफी छापणं म्हणजे बाळासोंच्या हातात आयतं कोलीत देणं."

"फोटो पहिल्या पानावर होता, सर."

"आणि लोकांच्या गव्हाचं काय?"

शांभवी म्हणाली, "बाळासोंना जाब विचारतोय, तर आपणही द्यायला नको?"

गणपतराव चिडले, पण माफीला जागा करायला पहिल्या पानावरची जाहिरात त्यांनी काढायला लावली.

व्हायचं तेच झालं. ग्रामसभेत बाळासोंनी तो माफीचा अंक नाचवला. "बघा, पेपरवाल्यांनीच कबूल केलंय. सगळी बातमी खोटी!" लोक हसले. मागं बसलेल्या शांभवीनं मान खाली घातली.

तेवढ्यात बसव्वा उठली. "माझ्या मालकाचं खोटं हुतं, ते त्यांनी छापलं. गव्हाचं खोटं असतं, तर ते बी छापलं असतं की! गोदाम उघडा, बघू."

"उघडा की!" चहूकडून आवाज उठला.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या लोकांनी गोदाम उघडलं. निम्मा गहू तोवर गायब झाला होता. उरलेला घरोघर वाटला गेला.

शांभवी गिरणीवर गेली. रुद्रय्या पट्टा बसवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"काका, माफी छापली आम्ही. वाचलीत?"

"न्हाय," तो म्हणाला. "पैलं वाचलं, तेवढं बास झालं."

ती एस.टी. पकडायला निघाली.