मधली हाक

"यात तन कुठी होतं? सगळा सांबारच होता ना," हौसाबाई म्हणाली आणि पिवळ्या पडलेल्या कोथिंबिरीची मूठ तिने नवऱ्यापुढे धरली.

नथ्थूने ती हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली. "व्हिडिओतल्या मानसानं तेच औषध सांगतलं होतं. एक डाव मारा अन् वावर साफ, म्हने."

"साफ तं झालंच."

घडलं ते असं. कोथिंबिरीवर मावा पडला म्हणून नथ्थूने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस औषधाचं नाव सांगणार, तेवढ्यात मधे जाहिरात घुसली. जाहिरातीतला माणूसही शेतातच उभा होता, त्याच्याही पाठीवर पंप होता आणि बोलायला तो पहिल्यापेक्षा बरा होता. नथ्थूने त्याच्या हातातल्या डब्याचं नाव पाठ केलं आणि तडक रिसोडचं शेती-औषधांचं दुकान गाठलं. दुकानदाराने मागितलं ते दिलं. ते तणनाशक होतं. गवत कुठलं आणि कोथिंबीर कुठली, हे पाहण्याचं त्या औषधाला काही कारण नव्हतं.

हौसाबाईने फवारणीचा पंप उचलून पत्र्याच्या खोलीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. "आजपासून फवारनीले गडी लावू," ती म्हणाली. भाजीचा मळा करणाऱ्याच्या हातून पंप काढून घेणं म्हणजे काय, ते नथ्थूला कळत होतं. दोन दिवसांत गावालाही कळलं.

गावात त्याला वावटळ म्हणत. तो काम सोडत नसे, काम त्याला सोडून जायचं. मुलीच्या, राधिकाच्या, साखरपुड्याला हा साखर आणायला म्हणून निघाला आणि वाटेत कुणाच्या तरी विहिरीचं खोदकाम पाहत संध्याकाळपर्यंत थांबला. पाहुणे गुळाचा चहा पिऊन गेले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हौसाबाईने नवऱ्याची तऱ्हा ओळखली होती आणि त्यावर स्वतःच इलाज काढला होता. हाक मारायची. तो वाफ्यांना पाणी देत असला की ती वाफ्यांच्या कडेला धुऱ्यावर पालकाच्या जुड्या बांधत बसे आणि थोड्या थोड्या वेळाने ओरडे, "आवो, पानी!" तो औषध कालवत असला की, "आवो, ध्यान कुठी हाय?" शेजारच्या मळ्यातल्या रुपाबाईला त्या हाकांची इतकी सवय झाली होती, की तिला त्या ऐकूही येत नसत. आपण नसतो तर हा माणूस कधीच वाऱ्यावर गेला असता, असं हौसाबाई धरून चालली होती. त्याचा तिला अभिमानही होता.

राधिका वाशीमला असते. ज्या मुलांना एका जागी बसणं, वाचणं, लक्ष देणं जड जातं, त्यांना शाळाशाळांतून फिरून शिकवणं हे तिचं काम. कोथिंबिरीचं ऐकून ती रविवारी आली. तिने बापाला तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितलं आणि शेजारी बसून राहिली. मधे कर्जाची जाहिरात आली, मग गुडघ्याच्या तेलाची, मग रमीची. प्रत्येक वेळी नथ्थूचं बोट पडद्यावर कुठेतरी पडत होतं. शेवटी तो शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलजोड्या पाहत होता.

"बाबा, मावा राह्यला ना."

"तेच तं पाहून राह्यलो होतो," नथ्थू म्हणाला आणि मोबाइल उलटासुलटा करू लागला.

पुढच्या आठवड्यात ती त्याला अकोल्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी लहानपणापासूनचं सगळं विचारलं, हौसाबाईलाही विचारलं, आणि राधिकाला जे वाटत होतं तेच सांगितलं.

"याले एडीएचडी म्हनतात, माय," घरी आल्यावर राधिका म्हणाली. "ध्यान नसते असं नाही. ते एका जागी टिकत नाही. आळस नोहे हा, बेपर्वाई बी नोहे."

"साठीत बारसं झालं माह्यं," नथ्थू म्हणाला. त्याला हसू आलं होतं आणि डोळेही भरले होते.

राधिकाने त्याच्या मोबाइलवर व्हिडिओच्या जाहिराती बंद करून दिल्या. त्याचे दर महिन्याला पैसे पडणार हे कळल्यावर हौसाबाई बसल्या जागी सरळ झाली. "दाखवाचे पैसे घेतात, समजलं. न दाखवाचे बी घेतात?"

"निंदाले बाया लावतं तू. तन काय तू पेरलं होतं?"

"वावर आपलं हाय, बाई. हे तं त्याहीनंच पेरलं अन् तेच निंदाचे पैसे मांगून राह्यले."

"हो," राधिका म्हणाली. "अन् ज्याचं ध्यान टिकत नाही, त्यालेच ते भरा लागतात."

त्या संध्याकाळी नथ्थूने माव्याचा व्हिडिओ ओट्यावर बसून शेवटपर्यंत पाहिला. मग चुलीपाशी येऊन औषध कोणतं, किती टोपणं घ्यायचं, वारा पडल्यावर कसं मारायचं, हे त्याने न अडखळता सांगितलं. हौसाबाईला बरं वाटलं. ती तसं बोलणारच होती.

"हौसा, तुह्या हाकेचं बी तसंच होते," तो म्हणाला.

"काय होते?"

"मी टोपनं मोजत असतो. तू हाक मारतं. मंग किती झाले ते समजतच नाही. पान्याचं बी तसंच. वाफा भरत आला का नाही ते मी पाहतच असतो. तू 'पानी' म्हनलं का मी तुह्याकडे पाहतो, अन् वाफा फुटते."

"अन् मी हाक नसती मारली तं?"

नथ्थूने विचार केला. "मालूम नाही. तसं कधी झालंच नाही."

हौसाबाईला हे फार लागलं. तिने भाकरी थापली, वाढली, भांडी घासली. जाहिराती बंद करायला पैसे तरी पडले. आपल्याला बंद करायला याला एक वाक्य पुरलं, असं तिच्या मनात येत राहिलं.

कोथिंबीर पुन्हा पेरली. ती वीतभर झाली आणि पुन्हा मावा दिसला. त्या दिवशी सकाळी हौसाबाईने गड्याला निरोप धाडला नाही. पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढलं, पंप आणून धुऱ्यावर ठेवला आणि पालकाच्या जुड्या घेऊन नेहमीच्या जागी बसली.

नथ्थूने पंपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तो खाली बसला. औषधाची बाटली वाचून घेतली. पंपात पाणी ओतलं. पहिलं टोपण टाकलं, दुसरं भरलं. तेवढ्यात रस्त्याने एक मोटारसायकल फटफटत गेली आणि त्याची मान तिकडे वळली. टोपण हातात तसंच राहिलं.

हौसाबाईचं तोंड उघडलं होतं. तिने जुडीची सुतळी दातांत धरली आणि आवळून चावली.

मोटारसायकल वळणापलीकडे गेली. नथ्थू थोडा वेळ तिकडेच पाहत होता. मग त्याने हातातल्या टोपणाकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत आकडा म्हटला आणि औषध पंपात ओतलं. झाकण घट्ट लावून पंप पाठीवर घेतला आणि तो पहिल्या वाफ्याकडे गेला.

दोन वाफे झाले, तीन झाले. शेजारच्या मळ्यातून रुपाबाईचा आवाज आला, "काय वं हौसा, वावरात नाही का आज?"

हौसाबाईने दातांतली सुतळी काढली नाही. नुसता हात वर करून दाखवला.