आप्पांच्या खोलीचं दार

आपल्याला सगळं येतं असं समजणारा एक माणूस बहुतेक घरांत असतो, आणि नेमकी त्याच्याच घरातली एकही वस्तू धड चालत नाही. या घरातला असा माणूस म्हणजे खुद्द घरमालक. सासरे त्यांना जावईबापू म्हणत, तर आपणही तसंच म्हणू.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर सासरे, म्हणजे आप्पा, लेकीकडे राहायला आले. मधली खोली त्यांना दिली. त्यांचा लाकडी पलंग काही केल्या आत जाईना, म्हणून खोलीचं दार काढायचं ठरलं. बायको म्हणाली, "अहो, सुताराला बोलवा." चहा करायला आचारी बोलवा म्हटल्यासारखं जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं.

"चार स्क्रूचं काम. त्याला सुतार कशाला?"

बापलेक बाजारात गेलेले असताना त्यांनी कामाला हात घातला. दार निघालं, पलंग आत गेला, इथवर सगळं झोकात. पण दार परत बसवताना वरच्या बिजागरीची भोकं सैल झालेली निघाली. स्क्रू नुसते गरागरा फिरायला लागले. जावईबापूंनी काडेपेटी आणली, भोकांत काड्या कोंबल्या, वरून स्क्रू पिळले आणि हात झटकले. आठवडा उलटायच्या आत दार पुढे झुकलं. वरचा कोपरा चौकटीत चावायला लागला, खालचा फरशीवर घासायला. पूर्ण लावलं की अडकायचंच. मग मूठ वर उचलायची आणि खांद्याने ढकलायचं, तेव्हा कुठे ते उघडायचं.

कारण जावईबापूंना लख्ख ठाऊक होतं. रविवारी गुपचूप नीट करून टाकू, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण बायकोने त्याआधीच विचारलं, "हे दार असं का करतंय हो?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "आप्पा दारावर ओला टॉवेल टाकतात ना. लाकूड फुगणारच."

झालं. खापर फोडायला टॉवेल सापडला. बायकोने लगेच बापाला सुनावलं, "आप्पा, बाल्कनीत दोरी बांधलीय ती काय शोभेला?" आप्पा म्हणाले, "चुकलंच गं माझं."

त्या दिवसापासून टॉवेल दारावर दिसला नाही, आणि दारही कधी पूर्ण लागलेलं दिसलं नाही. आत अडकायला नको म्हणून आप्पा मध्ये चप्पल सरकवून ते वीतभर उघडं ठेवायचे. झोपतानासुद्धा. कपडे बदलायला बाथरूममध्ये जायचे. येताजाता त्या फटीतून ते पलंगावर बसलेले दिसायचे, आणि नजरानजर झाली की उगाचच हसायचे. जावईबापू मान वळवून पुढे सटकायचे. रविवार येत होते नि जात होते. दार नीट करायचं म्हणजे आधी ते आपण बिघडवलं हे सांगायचं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

असं वर्ष गेलं. मग एका सुट्टीच्या दुपारी बायकोने खोली झाडताना चप्पल बाजूला केली. ती केर घेऊन बाहेर आली आणि वाऱ्याने दार धाडकन लागलं. आप्पा आत.

जावईबापूंनी मूठ उचलून खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा लावला, तर ते आणखीच रुतलं. बायको मागे उभी, हातात केरसुणी तशीच.

"अहो, त्यांची बीपीची गोळी इथे बाहेर आहे. काहीतरी करा ना."

"आप्पा, घाबरू नका!" जावईबापू ओरडले.

"मी नाही घाबरत," आतून आवाज आला. "तुम्ही खांदा सांभाळा."

मग जावईबापूंना सुचलं. दार आतल्या बाजूला उघडायचं, म्हणजे बिजागऱ्या आप्पांच्या बाजूला. त्यांच्यातल्या पिना ठोकून वर काढल्या की दार सुटणार. त्यांनी दाराला तोंड लावून विचारलं, "आप्पा, बिजागऱ्या दिसतायत का तुम्हाला?"

आत पलंग करकरला.

"दिसतात ना," आप्पा म्हणाले. "पलंगासमोरच आहेत. रोजच दिसतात."

जावईबापूंचा हात दारावर होता तसाच राहिला. पलंग त्यांनीच तिथे लावला होता. उशीवर डोकं ठेवलं की समोर वरची बिजागरी, बाहेर आलेले स्क्रू आणि त्यांच्याभोवती काड्यांची टोकं. घाईत एकदोन काड्यांचं गूलसुद्धा मोडलं नव्हतं. ओल्या टॉवेलाने दार फुगेल, पण भोकांत काड्या काही उगवणार नाहीत, एवढं कुणालाही कळलं असतं. म्हणजे आप्पांना कळलेलं होतं. कळलेलं असून वर्षभर हा माणूस टॉवेल मुकाट्याने बाल्कनीत नेत होता, आणि लेकीची बोलणी खात होता. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले. आपलं तोंड आप्पांना दिसत नाही, मध्ये दार आहे, याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

आप्पांनी चमच्याच्या दांड्याने आणि बुटाच्या टाचेने ठोकठोक करत पिना काढल्या. "बाजूला व्हा, आप्पा!" म्हणून जावईबापूंनी जोर लावला, तसं दार आत कोसळलं. कोपरा फुटला, कड उभी चिरली. ते दार आता कुठल्याच बिजागरीवर राहणार नव्हतं. आप्पा पलंगाच्या पलीकडे उभे होते. ते म्हणाले, "लागलं नाही ना तुम्हाला?"

काही दिवस खोलीला पडदा होता. मग सुतार नवं दार घेऊन आला. त्याला दारापेक्षा स्वतःच्या पाठदुखीत जास्त रस होता, आणि तिची हकिगत सांगत सांगतच त्याने चौकटीतून जुने स्क्रू उपसले. त्याबरोबर काड्यांचा चुरा फरशीवर पडला.

"हे कुणी केलं?" त्याने सहज विचारलं.

जावईबापूंनी तोंड उघडलं, पण आप्पा आधी बोलले. "मीच कोंबल्या होत्या. दार जरा झुकलेलं दिसलं म्हणून."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "आप्पा! आधी तो टॉवेल, आणि आता हे! नसते उद्योग सुचतातच कसे तुम्हाला?"

"आप्पांनी नाही," जावईबापू म्हणाले. "मी कोंबल्या."

बायको त्यांच्याकडे पाहून चक्क हसली, आणि तिचे डोळे भरून आले. "राहू द्या हो. किती सांभाळून घ्याल त्यांना?"

याहून तिने मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं. इथे गप्प बसलं तर घरात आयुष्यभर मोठेपणा मिळणार होता. जावईबापू म्हणाले, "सांभाळून नाही घेत. ज्या दिवशी दार बसवलं त्याच दिवशी मी काड्या घातल्या. टॉवेलाचा काही संबंध नव्हता. मला माहीत होतं, आणि तरी मी ते आप्पांवर ढकललं."

तिचं हसू मावळलं. नवऱ्याकडे न बघता ती बापाकडे वळून म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात?" आप्पा म्हणाले. "एवढंसं दार."

सुतार खाली मान घालून भोकं पाडत राहिला. पाठदुखीसुद्धा थांबली होती. जावईबापू भिंतीला टेकून उभे राहिले. लाज होतीच, पण निदान सांगून तरी टाकलं, असं म्हणत त्यांनी श्वास सोडला. आता आप्पांची खोली आप्पांना मिळाली, संपलं एकदाचं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

काम झालं. सुताराने हातावरचा भुसा झटकला. "आजोबा, खोली तुमची ना? लावून बघा एकदा."

आप्पा आत गेले. त्यांनी नवी मूठ धरली, दार अर्ध्यापर्यंत आणलं आणि थांबले. मग मान बाहेर काढून त्यांनी जावयाकडे पाहिलं.

"लावू का?"

"हो, हो. लावा ना," जावईबापू म्हणाले.

दार आवाज न करता लागलं. आप्पांनी परवानगी मागितली होती आणि आपण ती दिली होती, हे बाहेर उभ्या राहिलेल्या जावईबापूंना त्यानंतर कळलं.