डबल बेल न देता

घड्याळकाकांनी उभ्या आयुष्यात एकदाही बस उशिरा सोडली नाही. त्यांची गाडी दिसली की लोक मनगटावरचं घड्याळ लावून घेत. त्यावरून डेपोत त्यांना घड्याळ म्हणायला लागले आणि निवृत्तीनंतर गल्लीने त्याला काका जोडून दिला. माणूस दुष्ट नव्हता. धापा टाकत धावत येणारा प्रवासी आरशात दिसला की त्यांनाही वाईट वाटायचं, फक्त वाईट वाटता वाटताच ते गाडी पुढे काढायचे. एकासाठी थांबलं तर बसलेल्या सगळ्यांचा खोळंबा, हे त्यांचं गणित, आणि बसपुरतं ते बरोबरच होतं. घरात मात्र खोळंबायला कुणी नव्हतं, एक बायको तेवढी होती. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं काकांचं होतं. लग्नाला निघालेत, चहाला निघालेत, नाहीतर नुसते पाय मोकळे करायला निघालेत, ठरलेल्या वेळेला त्यांचा पाय उंबऱ्याबाहेर पडलेला असायचा आणि काकू मागून केसांत पिना खोचत धावत असायच्या.

काकू शिवणकाम करायच्या. खिडकीजवळ मशीन, समोर कपड्यांचा ढीग, आणि मशीन चालू झालं की गळाही चालू. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन म्हणायचे की वहिनींचं मशीन सुरू झालं की आम्ही रेडिओ बंद करतो. काकांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. ते पहाटेच्या पाळीवरून यायचे तेव्हा त्यांना झोप हवी असायची. त्यामुळे जिन्यात त्यांची पावलं वाजली की काकू गप्प होत. इतक्या वर्षांत ही सवय अशी अंगवळणी पडली, की काका निवृत्त होऊन घरी बसले तरी गाणं त्यांना बघून थांबायचंच.

मग या वर्षी काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "गाठ काढू, जिवाला धोका नाही. आवाजाचं मात्र सांगता येत नाही. बोलाल नक्की. गाण्याचं मी वचन देत नाही." शस्त्रक्रियेची तारीख उन्हाळा संपतानाची मिळाली.

ही बातमी ऐकून मुलगी सासरहून आली, आईजवळ बसली, आणि जाताना जावयाच्या मोटरहोमची चावी टेबलावर ठेवून गेली. नदीच्या काठाकाठाने तीन गावांत उन्हाळी मैफिली होत्या. लोक तंबू ठोकून राहणार, संध्याकाळी मोकळ्या मैदानात गाणं ऐकणार. तिसऱ्या गावात शेवटच्या संध्याकाळी खुला मंच होता. ज्याला गायचं असेल त्याने नाव द्यायचं. मुलीने परस्पर आईचं नाव देऊन टाकलं होतं.

"बाबा, गाडी तुम्ही चालवायची," ती म्हणाली. "आणि आईला एकदा तरी लोकांसमोर गाऊ द्यायचं. बाकी काही मागत नाही मी."

"मी कधी नको म्हटलं?" काका म्हणाले. आणि खरंच, नको असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

मोटरहोम काकांना पहिल्या दिवसापासून आवडलं. स्टिअरिंग मोठं, बसायची जागा उंच, मागे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दाराबाहेर ओढून घ्यायचा कापडी आडोसा. काकूंनी त्याला चाकांवरची खोली म्हटलं आणि निघण्याआधीच खिडक्यांना पडदे शिवले. त्या दोघांची एक जुनी रीत होती. लग्नानंतर काकांनी पहिल्यांदा दुसऱ्याची गाडी मागून आणली होती, तेव्हा काकूंनी आत बसल्यावर थट्टेने पत्र्यावर दोनदा टकटक केलं होतं, कंडक्टर डबल बेल देतो तसं. काका हसले आणि गाडी सुटली. तेव्हापासून कुठलीही गाडी असो, काकू बोटातल्या अंगुस्तानाने, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात त्या धातूच्या टोपणाने, दोनदा वाजवायच्या आणि मगच काका चावी फिरवायचे. नवराबायकोत प्रेमाची म्हणून जी काही भाषा होती ती एवढीच. बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवणारा ड्रायव्हर हा ड्रायव्हरच नव्हे, असं काका नव्या पोरांना शिकवत आले होते.

पहिल्या दोन मैफिली मजेत झाल्या. काका घडीच्या खुर्चीत बसून डुलक्या घ्यायचे आणि काकू ऐकायच्या. दिवसा काकू आडोशाखाली बसून एक निळा पोशाख शिवत होत्या, मंचावर घालायला. शेजारच्या तंबूत एक दातांच्या डॉक्टरीणबाई एकट्याच आल्या होत्या, त्याही तिन्ही मैफिली करणार होत्या. त्यांची नि काकूंची गट्टी जमली. दोघी नदीवर भांडी घासायला जात आणि तिथून गाण्याचा बारीक आवाज येई. काका जवळ गेले की तो थांबे.

"कुठलं गाणं म्हणणार आहेस?" काकांनी एकदा विचारलं.

"ऐकाल तेव्हा कळेल," काकू म्हणाल्या. आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या, या वयात.

तिसऱ्या गावचा तळ नदीला लागून, सखल गवतात होता. शेवटच्या दिवशी दुपार कलली तसं आभाळ काळंठिक्कर पडलं. काकू निळा पोशाख घालून, केस बांधून तयार होत्या. वारा असा सुटला की दोन तंबू उपटून कुंपणाला जाऊन अडकले. काकांनी आडोसा गुंडाळून घेतला. मग विजा आणि पाऊस. लोक मिळेल त्या गाडीत घुसले. मंचावरून निवेदकाचा आवाज आला, "कार्यक्रम थांबवला आहे. रद्द नाही, थांबवला आहे. वादळ सरलं की सुरू करू."

थांबवला, हा शब्द काकांना सोसत नसे. रद्द म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी दार किलकिलं करून चाकांकडे पाहिलं. गवतात पाणी साचायला लागलं होतं. पुढचा मुक्काम वर टेकडीवर ठरलेला होता आणि गाणं आटोपून तिथे अंधाराच्या आत पोचायचं हेही ठरलेलं होतं.

"निघावं लागेल," ते म्हणाले.

"अहो, थांबूया ना. ते म्हणाले की रद्द नाही म्हणून."

"चाकं रुतली तर? सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचंय तुला. तेव्हा काय पोहत जाणार?"

"शुक्रवार आहे आज. रुतली तर कुणी ओढून काढेल. एवढी माणसं आहेत इथे."

"गाणं महत्त्वाचं की घसा?" काका म्हणाले.

बोलताना त्यांना ते शहाणपणाचं वाटलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढची, काकांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. काका रेनकोट चढवून भर पावसात गाडीभोवती फेरी मारून आले, चारही चाकांना पाय लावून पाहिला, आत बसले आणि गाडी काढली. बाहेर पडताना डॉक्टरीणबाईंनी तंबूतून हात हलवला. जाऊ नका म्हणून हलवला होता, पण काकांनी तो निरोपाचा समजून हॉर्न दिला.

बंधाऱ्यावरचा रस्ता अरुंद होता. काका सराईतपणे चालले होते आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते, कारण मागे खरोखरच तळाच्या फाटकाशी पाणी दिसत होतं. टेकडीचा चढ सुरू झाला तसा पाऊस ओसरला. मग ढगाला भगदाड पडलं आणि ओल्या रस्त्यावर स्वच्छ ऊन आलं. उन्हाळ्यातलं वादळ ते, आलं तसं गेलं.

काकांनी सवयीने आरशात पाहिलं. आयुष्यभर ते आरशात पाहत आले होते, मागे बसलेल्यांकडे. काकू खिडकीशी बसल्या होत्या. निळा पोशाख अंगावर, छातीवर खुल्या मंचाचा क्रमांक लिहिलेला बिल्ला तसाच, आणि अंगुस्तान बोटात नव्हतं, मांडीवर होतं. काकांना काहीतरी आठवेना. म्हणजे काय आठवायला हवं ते कळत होतं, पण ते घडलेलंच आठवत नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "निघताना बेल दिलीस ना तू?"

"नाही."

"ढगांच्या गडगडाटात मला वाटलं..."

"मी दिलीच नाही. तुम्ही निघालात."

काकांनी गाडी कडेला घेतली. बेल न मिळता त्यांनी गाडी हलवली होती, आणि त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. चुकून एखाद्याला मागे टाकून आलेल्या ड्रायव्हरसारखं त्यांनी मागे वळून पाहिलं. फक्त मागे टाकलेलं माणूस गाडीतच बसलं होतं. उभ्या नोकरीत त्यांनी निघालेली गाडी कधी माघारी वळवली नव्हती. त्या अरुंद रस्त्यावर पुढे-मागे, पुढे-मागे करत त्यांनी ती वळवली. काकू उठून पुढच्या जागेवर येऊन बसल्या, आणि काकांना तेवढ्यानेही उमेद आली. ते इतक्या वेगाने कधी गेले नव्हते. बंधाऱ्यावर समोरून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीला वाट देत, थांबत, पुन्हा थांबत ते आले. बैल गेला नि झोपा केला, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते.

मैदानात चिखल होता आणि सगळीकडे सोनेरी उजेड. मंचाचं कापड दोन माणसं घडी करत होती. डॉक्टरीणबाई चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेल्या, त्यांच्याकडे धावत आल्या.

"कुठे होतात हो तुम्ही? पाऊस थांबला नि लगेच सुरू केलं त्यांनी. तुमचं नाव तीनदा पुकारलं. मीच ओरडून सांगितलं, थांबा, येतायत, गाडी उंचावर लावायला गेलीत. आणि थांबले की सगळे. एवढ्या चिखलात उभे राहिले, कुणी कुरकुर केली नाही. शेवटी निवेदक म्हणाला, पुढचं नाव घेऊ का? तर लोकच म्हणाले, अजून जरा थांबूया."

काकूंनी मान हलवली आणि त्यांचा हात थोपटला. धीर द्यायची गरज जणू डॉक्टरीणबाईंनाच होती.

काका मात्र धावत सुटले. ध्वनियंत्रणेचा ट्रक फाटकाकडे निघाला होता. त्याला थांबवायचं, एक माइक मागायचा, पाच मिनिटं मागायची. एवढंच. "थांबा," ते ओरडले, "एक बाई राहिल्यात, थांबा." चिखलात त्यांचा एक बूट रुतून राहिला, ते मोज्यानिशी धावले. ट्रकच्या ड्रायव्हरने आरशात पाहिलं. नजरानजर झाली, काकांना नक्की दिसलं. त्या ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं दिसलं, आणि ट्रक पुढे गेला. काका फाटकाशी कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. त्या माणसाला ते एका शब्दानेही बोल लावू शकत नव्हते.

ते परत आले तेव्हा काकू गाडीत बसल्या होत्या. काका शेजारी बसले. चिखलाचा मोजा तसाच.

"इथे म्हण," ते म्हणाले. "मला म्हणून दाखव. मी ऐकतो. कितीही वेळ."

"गाडीत मी गात नाही."

"का?"

"लग्नाच्या वर्षी, त्या मागून आणलेल्या गाडीत मी गायला लागले होते. तुम्ही म्हणालात, ड्रायव्हरचं लक्ष जातं."

काकांना आठवत नव्हतं. पण आपण ते म्हटलं असणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका वाटली नाही, बोलणं थेट त्यांचंच होतं. "आता बंद आहे ना गाडी," ते कसंबसं म्हणाले.

"हो. आता बंद आहे." काकूंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं. "दमलेय मी. ते लोक उभे होते ना, त्यांच्यासमोर आलं असतं मला. आता नाही येणार."

मग काकूंनी अंगुस्तान बोटात घातलं आणि पत्र्यावर दोनदा टकटक केलं. काकांनी चावी फिरवली नाही. काकूंनी पुन्हा टकटक केलं, हट्टी ड्रायव्हरला कंडक्टर बेल देतो तसं, जरा जोरात. तेव्हा ते निघाले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. काकू बोलतात, आवाज थोडा जाडसर झालाय, फोनवर मुलगीसुद्धा आधी फसते. गाणं गेलं. काकूंनी एकदा मशीनवर बसून करून पाहिलं, मग पुन्हा केलं नाही. कपडे शिवणं चालू आहे. निळा पोशाख कपाटात आहे. काका आता कुठेही निघताना दारात उभे राहतात, काकूंच्या पिना खोचून होईपर्यंत. मुकाट्याने उभे राहतात, आणि काकूंना त्यानेच जास्त घाई होते.

परवा जिन्यात वरचे पोस्टमन भेटले. हातात पावांची पिशवी.

"काय हो, वहिनींचं गाणं हल्ली ऐकू येत नाही."

काकांनी खरं ते सांगितलं. पोस्टमन कठड्याला टेकले. "अरेरे," ते म्हणाले. "आणि त्यातलं ते एक, रोज सकाळी म्हणायच्या ते, ते तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ."

"कुठलं?" काकांनी विचारलं.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. पोस्टमन आधी संकोचले. मग त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, घसा खाकरला, आणि हळूच म्हणायला लागले. त्यांना सूर अजिबात नव्हता, मधल्या दोन ओळी ते विसरले आणि तिथे नुसतं गुणगुणले. काका एका पायरीवर एक पाय ठेवून, होते तसेच उभे राहिले आणि त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.