नववी चौकट

शिडीवर उभं राहून निकेशने बॅनरचं उजवं टोक खिळ्याला अडकवलं, दोरी ताणली आणि समोर पाहिलं, तर आजोबा.

त्याचेच. बुधाजी भोईर, राहणार नेरे. वारून सहा वर्षं झाली होती. कोट, टाय आणि खाली ठसठशीत नाव : एन. माधव राव.

"बोंबला!" असं पुटपुटत निकेशने शिडी घट्ट धरली.

झालं होतं ते असं. निकेशचं पनवेलात बॅनरचं दुकान. हळद, वाढदिवस, उत्तरकार्य, काय म्हणाल ते. मांडणी बसवताना चौकट रिकामी राहिली की तात्पुरता तो आजोबांचाच चेहरा टाकायचा. पहिल्या पुण्यस्मरणाच्या वेळी त्याने तो फोटो झकास कापून ठेवला होता. जन्मभर बंडीवर वावरलेल्या म्हाताऱ्याला मेल्यावर फोटोत कोट चढवायचा, ही आपल्याकडची रीत, तीही त्याने पाळली होती. किती हळदींच्या बॅनरवर आजोबा नवरदेवाच्या मामाच्या जागी तासभर बसून आले होते! खरा फोटो आला की ते बाहेर. हे बॅनर संविधानाच्या मसुदा समितीचं. त्यातल्या माधव रावांचा फोटो मिळाला, कॉम्प्युटरमध्ये ठेवला आणि या वेळी अदलाबदल करायची तेवढी राहून गेली. त्यात सगळे फोटो काळेपांढरे केलेले. मुन्शी, सादुल्ला, अल्लादी यांच्या पंगतीत आजोबा असे काही मिसळून गेले होते की छापतानाही कुणाला शंका आली नाही.

आता हे गावात नाही खपणार. नेऱ्यातला म्हातारा कोतारा बुधाजीला ओळखत होता. आणि सगळ्यात आधी ओळखणार होते काशिराम शेठ.

काशिराम शेठ म्हणजे माजी सरपंच. त्यांचा फोटो नाही असं एक बॅनर गावात कधी लागलं नव्हतं, आणि संविधान दिनाच्या बॅनरवरही तो हवाच होता. गावच्या शाळेतल्या निशा मॅडमनी मात्र पाय रोवले. "या बॅनरवर गावातला एकही चेहरा नको. ज्यांनी मसुदा केला तेच हवेत. नऊच्या नऊ." आठ दिवस त्यावरून धुसफूस चालली होती. शेवटी शेठ म्हणाले होते,

"बरं मॅडम. पन एक जरी गाववाला त्याच्यावर दिसला ना, तर पुढच्या वर्साला माजा फोटो बाबासायबांच्या शेजारी लागंल. आनि मंग तुमी बोलायचं नाय."

निकेशला चौथीत मॅडमनीच शिकवलं होतं. बाईंचं नाक कापलं जाणार आणि तेही आपल्या हातून, या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खाली मुलांच्या रांगा बसायला लागल्या होत्या.

"मॅडम, एक हार मिळेल का? मोठा?"

"कशाला?"

"नाही... माधव रावांना घालतो."

"एकट्या माधव रावांना? बाबासाहेबांच्या आधी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? उतर खाली, पाहुणे आले."

पाहुणे म्हणजे काशिराम शेठच. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत ते आले आणि हात मागे बांधून बॅनरपुढून चालू लागले. एकेका फोटोपाशी थांबून नाव वाचत होते. नवव्यापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग मान वळवून शिडीपाशी उभ्या निकेशकडे पाहिलं. आणि शेठ खुर्चीत जाऊन बसले.

मॅडम बोलायला उठल्या. समितीवर सुरुवातीला सात जण होते, त्यांनी सांगितलं. एक सोडून गेले, एक वारले, त्यांच्या जागी दोघे आले. बाबासाहेब अध्यक्ष, सगळ्यात जास्त भार त्यांच्यावर. "आणि काम पुरं झाल्यावर ते सभागृहात उठले आणि काय म्हणाले माहीत आहे? याचं श्रेय माझ्या एकट्याचं नाही. सल्लागार राव, मसुदा लिहिणारे मुखर्जी, यांची नावं त्यांनी स्वतः घेतली. एवढं मोठं काम करून माणूस दुसऱ्यांची नावं घेतो!"

टाळ्या झाल्या. निकेशच्या कानात त्यातलं निम्मंही शिरलं नाही. तो शेठकडेच बघत होता. शेठ उठले, माईक हातात घेतला. त्यांचं भाषण गावाला पाठ होतं. नळ मी आणला, रस्ता मी केला, शाळेवर पत्रे मी घातले. पण आज त्यांनी मुलांकडे पाहिलंच नाही. बॅनरकडे तोंड करून उभे राहिले.

"आज मी माजं काय सांगत नाय," ते म्हणाले. "मी गुरांमागं व्हतो. एका मानसानं माज्या हातातली काठी काढून घेतली आनि मला याच शालेत आनून बसवला. मी पलून जायचो, त्यो परत धरून आनायचा. आठ दिस असंच चाललं. त्याचं सोताचं पोर पन शालेत नव्हतं तवा. मी सरपंच झालो, सगल्यांची नावं घेतली, त्याचं तेवढं रायलं. बुधाजी भोईर त्याचं नाव."

शेठनी बॅनरकडे बघत हात जोडले आणि खाली बसले. पुढच्या बाकावर शेजारची भामाकाकू होती. नात्याने बुधाजीची चुलतसून. तिने नवव्या चौकटीकडे एकदा पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. म्हणजे गावातल्या सगळ्यांनी ओळखलं होतं! आणि एक जण चकार शब्द बोलला नव्हता. निकेशने शिडीच्या खालच्या पायरीवर बूड टेकलं.

पोरं खाऊच्या रांगेत गेल्यावर तो मॅडमपाशी गेला.

"मॅडम, शेवटचा फोटो माधव रावांचा नाही. माझ्या आजोबांचा आहे. चूक माझी. उद्या सकाळी खरा लावतो."

मॅडमनी बॅनरकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अरे देवा! आणि काशिराम शेठना कळलं तर?"

"कललंय," मागून आवाज आला. शेठ चहाचा कप घेऊन उभे होते. "निकेश, उद्या त्या सायबांना त्यांच्या जागेवर आन. पोरांनी खोटा चेरा पाठ करू नये."

"शेठ, माफ करा," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तुमचा फोटो मी लावू दिला नाही, आणि इथं..."

"ऱ्हाऊ द्या ओ मॅडम." शेठनी बॅनरकडे पाहत चहाचा घोट घेतला. "एवढ्या मोठ्या मानसांत बसायला तोच बरा. माजा नसता शोभला."