भिंतीवरचे आबा

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता ललिता ओव्हाळ यांनी नवरा हरवल्याची तक्रार दिली. सुखदेव ओव्हाळ, वय चोपन्न, शनिवारी घरातून निघाले ते परतले नव्हते. हवालदाराने फोटो हातात घेतला आणि जरा वेळ पाहिला.

"बाई, हे तर वारलेत ना?"

ललितांनी तक्रारीतल्या नावावर बोट ठेवलं.

"मालिकेतले आबा. आमच्याकडे रोज लावतात."

फोटो तोच होता. घरात दुसरा बरा फोटो नव्हता.

सुखदेव पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन माणसं कमी केली, तेव्हा त्यांनी घरी सांगितलं की आता कथा लिहीन. दोन कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. बाकीच्या साभार परत आल्या, काही परतही आल्या नाहीत. घर ललितांच्या पगारावर चाले; त्या हिंजवडीतल्या एका कंपनीत साफसफाईचं काम पाहत. सुखदेव मालिकांच्या गर्दीत उभे राहू लागले. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, अंत्ययात्रेत. तिथे लेखकांशी ओळख होईल, असं त्यांना वाटे.

मागच्या वर्षी लोणी काळभोरजवळच्या एका बंगल्यात नवी मालिका सुरू झाली. कथेतल्या घराचा कर्ता पहिल्या भागाआधीच गेलेला होता. भिंतीवर लावायला कोणाचा तरी फोटो हवा होता. सुखदेवांनी आपला दिला.

"आपल्याकडे हार दोनच फोटोंना," ललिता म्हणाल्या होत्या. "बुद्ध आणि बाबासाहेब. तुम्ही तिसरे कशाला?"

"अंधश्रद्धा नको," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांना गर्दीतही बोलावणं येईना. माणसं पुरवणाऱ्या तेजसने सरळ सांगितलं, मेलेला माणूस रांगेत कसा उभा करायचा? चेहरा रोज दिसतो.

तेव्हा सुखदेवांनी त्या मालिकेचा एक भाग लिहिला. त्यात आबा जिवंत असतात आणि एका दुपारी घरी येतात. शनिवारी तो घेऊन ते बंगल्यावर गेले. पुढचं तेजसने पोलिसांना सांगितलं.

"मी म्हटलं, काका, आबा मेलेत म्हणून परवडतात. ते म्हणाले, परत आणायचं ठरलंच तर? मी म्हटलं, मग नावाजलेला नट घेऊ. फोटो काय, बदलता येतो. ते म्हणाले, मग काढू का? मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, काढा की."

जेवणाच्या सुट्टीनंतर भिंतीवर फक्त खिळा होता. तिथे घड्याळ लावून चित्रीकरण पुढे चाललं.

मुलाने, धम्मदीपने, शहरभर पत्रकं लावली. फोन पुष्कळ आले. "स्वर्गात बघा," एकाने सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, ही मालिकेची जाहिरात आहे का? भाग आधीच तयार करून ठेवलेले असत, त्यामुळे सुखदेव रोज संध्याकाळी हार घालून दिसतच होते. ललिता कामावरून येऊन तेवढंच पाहत.

एका शुक्रवारी भिंतीवर घड्याळ आलं. आबांचा फोटो कुठे गेला, हे त्या घरातल्या कोणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रक वाचून खडकवासल्याहून फोन आला. धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या द्वारकाबाईंनी ती फ्रेम गाडीखाली जपून ठेवली होती. कोणीतरी ती कठड्याला टेकवून गेलं होतं, तोंड पाण्याकडे करून. हार नव्हता.

"ठेवणारा माणूस हाच होता का?" तिथे पोहोचून ललितांनी फ्रेमकडे बोट करत विचारलं.

"हे आबा हायेत. ह्यांना मी वळकते, रोज बघते," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर ठेवणाऱ्याकडं कोण बघतंय, ताई? फोटो बघितला म्या."

"कुठे गेला तो?"

"पुण्याची बस हुबी व्हती. बसकडं गेला का पाण्याकडं, ध्यानात न्हाई."

धरणात शोध घेण्यात आला. काही सापडलेलं नाही. हारही नाही.