पिशवीसकट लावा

पद्मावतीकाकींनी नवऱ्याच्या हातची काजूची झाडं तोडली ती हर्षाच्या शब्दावर. झाडांना खोडकिडा लागला होता हे खरं, पण तशीही ती बोंडू देत होती आणि आणखी काही वर्षं दिली असती. इब्रामपुरात काजूच्या कलमांची नर्सरी हर्षाचीच. "किडक्या झाडांचा मोह सोड काकी, नवी कलमं लाव," असं तिने सांगितलं आणि काकींनी ऐकलं.

ती कलमं नव्या पिशव्यांतली होती. काळ्या प्लास्टिकचा हर्षाला मनापासून वीट आला होता. दर पावसात फाडून टाकलेल्या पिशव्या ओहळात वाहत जायच्या, बांधाला अडकून राहायच्या. म्हापशाच्या विक्रेत्याने मक्यापासून केलेल्या, आपोआप कुजणाऱ्या पिशव्या दाखवल्या, तरी तिने लगेच विश्वास ठेवला नाही. एक पिशवी घरच्या शेणखताच्या ढिगात पुरली आणि काही महिन्यांनी गावातल्या बचत गटातल्या बायकांना बोलावून ढीग त्यांच्यासमोर उकरला. पिशवीचे चार तुकडे मिळाले, तेही बोटांनी चुरडले की भुगा होत होते. बायका एकमेकींच्या तळहातावर तो भुगा चोळून बघत होत्या.

"पिशवी काढूच नका," हर्षा म्हणाली. "पिशवीसकट लावा. मुळाला धक्का नाही, कचरा नाही."

त्या पावसाळ्यात गावातल्या कितीतरी भरडांवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या कोरड्या जमिनींवर, तिची कलमं पिशवीसकट जमिनीत गेली.

दिवाळीच्या आधी तिच्या अंगणात विजेचा खांब यायचा होता, म्हणून तिथलं एक कलम हलवायला तिने कुदळ घेतली. मातीतून पिशवी निघाली ती जशीच्या तशी. तिच्यावर छापलेलं हिरवं पानसुद्धा पुसलं नव्हतं. आत सोटमूळ खाली जायला वाट न मिळून सुंभासारखं गोल गोल फिरलं होतं.

तिने विक्रेत्याला फोन केला. "शेणखताच्या ढिगात ऊब असते ना बाई," तो म्हणाला. "तशी ऊब मिळाली तर कुजते लवकर. डोंगरावरच्या कोरड्या मातीत वेळ लागणारच."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

फोन ठेवून ती पायरीवर बसली. खरं तर त्याच दिवशी गावभर फिरून सांगायला हवं होतं. पिशवीला चीर दिली असती तरी कलमं वाचली असती. पण ढीग उकरताना बायकांच्या चेहऱ्यावर दिसलेलं कौतुक तिच्या डोळ्यांसमोर आलं. जमीन ओली आहे तोवर मुळं वाट काढतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि उपटलेलं कलम गवताखाली झाकून टाकलं.

मुळांनी वाट काढली नाही. ऊन चढलं तशी काकींच्या भरडावरची पानं आधी पिवळी पडली, मग वाळली. काकी लांबून घागरी आणून पाणी घालत होत्या. एका संध्याकाळी हर्षा तिथून जात होती, तेव्हा काकींनी तिला थांबवून आपले दोन्ही तळवे दाखवले.

"हर्षा, माझ्या हाताक आता झाड लागत नाय गो. बापूस म्हणायचो, ह्या पोरीन काठी रोवली तरी पालवतली. आता बघ."

"उन्हाळो कडक आसा, काकी," हर्षा म्हणाली आणि झपझप पुढे निघाली.

गावातही कुजबुज सुरू झाली की विधवेने जुनी झाडं तोडली, ती लागली तिला. हर्षाने हे पाणवठ्यावर ऐकलं आणि तिथेही ती गप्प राहिली. शेवटी एका सकाळी शेजारच्या सुशीलाने काजूच्या बिया पेरायला घेतल्या, तेव्हा काकी हात मागे घेऊन म्हणाल्या, "मी शिवणंय नाय. तूच घाल." ते ऐकल्यावर हर्षाला राहवेना. कुदळ घेऊन ती काकींच्या भरडावर गेली, काकींसमोर एक वाळकं कलम खणून काढलं आणि पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"काकी, तुझ्या हाताचां काय नाय. पिशवी कुजूकच नाय."

काकींनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांचा चेहरा क्षणभर सैल झाला. मग त्यांनी मान वर केली.

"तुका कधी कळलां?"

हर्षाला खोटं बोलता आलं असतं. "दिवाळीच्या आदी," ती म्हणाली.

"दिवाळीच्या आदी." काकी हळूच म्हणाल्या. "शिगम्यात मी देवळात गाऱ्हाणां घातलां, माझो हात कित्याक बाधलो म्हणान. तू माझ्या बाजूकच होतंस."

हर्षाने मान खाली घातली. तिला वाटलं, काकी शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकींनी पिशवी तिच्या हातात दिली.

"घेवन जा," त्या म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

हर्षा तिथून दारोदार फिरली. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, कोयतीने मातीतल्या पिशव्या चिरल्या. गावातल्या शिवदासच्या सावलीतल्या भरडावरची बरीच कलमं जगली, उघड्यावरची बहुतेक गेली. काही घरांत तिला पाणीही विचारलं नाही. गटातल्या बायकांपुढे तिने ते गवताखालचं कलमही आणून ठेवलं.

मक्याच्या पिशव्या तिने सोडल्या नाहीत. आता कलम लावायला ती स्वतः जाते, पिशवी काढून परत आणते आणि शेणखताच्या ढिगात घालते. तिथे ती खरोखरच कुजते.

पद्मावतीकाकींनी पुढच्या पावसात बिया थेट जमिनीत पेरल्या, आणि त्या रुजल्या. बियांच्या झाडांना बोंडू यायला कलमांपेक्षा कितीतरी वेळ लागतो, आणि काकींचं वय काही थांबलेलं नाही. म्हापशाच्या बसला जाताना हर्षाला ती लाल कोवळी पानं रस्त्यावरून दिसतात. काकी अंगणात असल्या तर मान वर करून बघतात आणि परत कामाला लागतात. हर्षाने हाक मारायचं अनेकदा ठरवलं. अजून मारलेली नाही.