गाडीचे कान

व्हॅनचं इंजिन गेलं हे पत्रेकाकांना कळलं ते गॅरेजमध्ये, मिस्त्रीच्या तळहातावर. त्याने खालून काढलेलं तेल हातावर घेतलं आणि काकांच्या डोळ्यांसमोर धरलं. काळ्या तेलात बारीक, चकचकीत भुकटी होती. काकांनी जन्मभर पत्रा कापला, पत्रा ठोकला. धातूची भुकटी त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

"आधी बेअरिंग खाल्लं, मग क्रँक खाल्ला," मिस्त्री त्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला. "काका, किती दिवस आवाज येत होता?"

काकांनी सवयीने व्हॅनच्या डावीकडच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती.

हाच प्रश्न डॉक्टरांनीही विचारला होता, काकूंच्या छातीतल्या घरघरीबद्दल. तेव्हाही काकांनी काकूंकडेच पाहिलं होतं. "झाले बरेच दिवस," काकू म्हणाल्या होत्या, गाडीचं सांगावं तशा.

पन्हळी आणि टाक्या ठोकून ठोकून काकांचे कान केव्हाच गेले होते. कानाचं यंत्र आणलं होतं, पण हातोडा पडला की डोक्यात वीज घुसायची, म्हणून ते डबीत गेलं ते गेलंच. "तू आहेस ना," असं ते काकूंना म्हणायचे. आणि काकू होत्याच. व्हॅनमध्ये मागे पत्रे, पुढे हे दोघं. काकू रस्ता बघायच्या नाहीत, गाडी ऐकायच्या. "अहो, थांबवा जरा. पुढच्या चाकात काहीतरी चरचरतंय." मग गॅरेजमध्ये उतरून मिस्त्रीला आवाज काढून दाखवायच्या. किटकिट वेगळी, खिटखिट वेगळी. चढावरची घुंईं तर ओठांचा चंबू करून.

"काकू, तुम्ही फोनवरच आवाज काढत जा," मिस्त्री म्हणायचा. "गाडी आणायची गरजच नाही."

"आणि तुझं डोकं खायला कुठे जाऊ?"

त्या गेल्यावर व्हॅन खडखडत राहिली आणि काका चालवत राहिले. "सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं," शेजारीण नंतर म्हणाली. "वाटलं, यांचं मन थाऱ्यावर नाही, त्यात आपण कशाला बोला."

मिस्त्रीच्या पाहण्यात एक वापरलेलं, पण धड इंजिन होतं. मालक शनिवारपर्यंत थांबणार होता. ते बसवलं तर गाडी अजून काही वर्षं ओढली असती. नाहीतर भंगारात द्यायची आणि नवी घ्यायची. तोवर हळूहळू घरी न्या, त्यापुढे कुठेही नेऊ नका, असं त्याने बजावलं.

"तू काय केलं असतंस?" काकांनी विचारलं.

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "काकू असत्या तर डोळे झाकून इंजिन बसवलं असतं. पण काका, ही गाडी कानाने चालवायची आहे. पुढच्या वेळी मला सांगणार कोण?"

लेक आली ती ठरवूनच आली. "नवी घ्या बाबा. काही बिघडलं की समोर दिवा लागतो. ऐकायचं कामच नाही." ती त्यांना शोरूममध्ये घेऊन गेली. तिथल्या टायवाल्या मुलाने काकांना नव्या गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि म्हणाला, "बघा, टाचणी पडली तरी ऐकू येईल!"

लेकीने तेच त्यांच्या कानात सांगितलं आणि हसू दाबलं.

"जुनीतही मला इतकंच शांत वाटतं," काका म्हणाले.

त्यांनी सगळे दिवे नीट पाहून घेतले. तेलाचा, ब्रेकचा, इंजिनचा. सोय चांगली होती. त्यांना राग आला तो त्या सोयीचाच. काकूंचं इतक्या वर्षांचं काम नखाएवढ्या दिव्यात मावत होतं.

घरी आल्यावर लेक स्वतःच जुन्या व्हॅनमध्ये डावीकडे चढून बसली. "चालू करा. मी ऐकते."

काकांनी चालू केली. हाताखाली चाक थरथरलं. "येतोय?"

"येतोय," ती ओरडून म्हणाली.

"कसा?"

"मोठा आहे."

"मोठा आहे म्हणून मिस्त्रीला काय कळणार? काढून दाखव."

तिने ओठ पुढे काढले. "खड... खडाड..." मग मान हलवली. "मला नाही जमत हो, बाबा."

काकांनी गाडी बंद केली. लेक त्यांच्या बाजूला सरकली आणि कानाशी बोलली, म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं.

"आई मला फोनवर आवाज काढून दाखवायची. आज गाडीने असं केलं, काल तसं केलं. मी म्हणायचे, आई, तुझ्या छातीचा आवाज मला इथवर येतोय, तो बाबांना सांग आधी."

"मग?"

"म्हणायची, त्यांना ऐकू येत नाही तेच बरं आहे."

लेकीने त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली आणि त्यांना आत नेलं.

ती परत गेल्यावर काकांनी डबीतलं यंत्र काढलं. नवा सेल घातला, कानात बसवलं आणि व्हॅनमध्ये जाऊन गाडी चालू केली. सगळं एकदमच अंगावर आलं. इंजिन, पत्र्यांची थरथर, रस्त्यावरची रहदारी, स्वतःचा श्वास. त्यात तो आवाज नक्की होता. पण कोणता, ते त्यांना ओळखता येईना. ते डावीकडे वळून "हा का?" असं म्हणाले, मोठ्याने. यंत्रातून त्यांना स्वतःचाच आवाज आला. त्यांनी गाडी बंद केली, यंत्र काढलं आणि खिशात टाकलं.

शनिवार आला आणि गेला. ते इंजिन दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसलं. शोरूममधून फोन येत असतील. फोनची रिंग काकांना ऐकू येत नाही.

व्हॅन दारात उभी आहे. ठेवायची की काढायची, हे ठरलेलं नाही. बेकरीवाल्याच्या धुराड्यासाठी कापलेला पत्रा मागे तसाच पडून आहे. तो पोचवायचा राहिला आहे.